बोटभर उजेड

बस सुटली तेव्हा तो तिच्यापासून वीस पावलांवर होता, आणि मागच्या दारातला कंडक्टर काही वाईट माणूस नव्हता. त्याने घंटीवरचा हात क्षणभर थांबवला, याच्याकडे पाहिलं आणि ओरडून म्हणाला, "अहो काका, पळा की जरा." पळायचंच होतं. मनाने तो केव्हाच पळून पायरीवर चढला होता. पण कमरेखाली जो दुसरा माणूस गेली कित्येक वर्षं बिऱ्हाड करून होता, त्याला पळणं मंजूर नव्हतं. तो चालला. कोपरं काटकोनात वाकवून, कमर डावीकडून उजवीकडे झुलवत, पुढचा गुडघा ताठ ठेवून, सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, खिशावर प्लास्टरची पांढरी बोटं उमटलेला माणूस भर रस्त्यात बसमागे चालत सुटला. थांब्यावरच्या दोन कॉलेजच्या मुलींनी तोंडावर हात धरले. कंडक्टरने आता आपण तरी काय करणार अशा अर्थाने मान हलवली आणि घंटी दिली. घड्याळात पाचला दहा कमी होते. मैदान तिथून चार किलोमीटर होतं, आणि बरोब्बर पाच वाजता त्याची सोळा वर्षांची मुलगी त्या मैदानावर चालण्याच्या शर्यतीच्या निवड चाचणीला उभी राहणार होती. पाचच्या आत पोचून तिला चुन्याच्या रेषेवरून उचलून घरी आणायचं, एवढ्याचसाठी तो कामावरून दोन तास आधी निघाला होता. आता ते जमणार नव्हतं. पुढची बस पंचवीस मिनिटांनी होती. भडकलेलं डोकं माणसाला थांब्यावर उभं राहू देत नाही, म्हणून तो थांबलाच नाही, तसाच पुढे चालत राहिला.

या पायांना शिव्या द्याव्यात तर त्या पुरतही नाहीत. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गल्लीतलं एक कुत्रं त्याच्या मागे लागलं होतं. शहाणा माणूस पळाला असता. हा झपाझप चालत राहिला, आणि कुत्र्याने सवडीने पोटरी निवडून चावा घेतला. बायको ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगते, "ह्यांनी कुत्र्याला चावू दिलं, पण पाय काही उचलला नाही." पाहुणे हसतात, तोही हसतो, आणि आत कुठेतरी दात करकरतात. कारण ही करणी कुणाची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळे मागे ज्यांना पालथे सर म्हणत, त्यांची. सर चालण्याच्या शर्यती शिकवत. या शर्यतीचा कायदा एका ओळीचा आहे. कोणत्याही क्षणी एक पाय जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय हवेत गेले की ते चालणं उरत नाही, पळणं होतं. बघणाऱ्या तिघांनी तीन लाल पाट्या दाखवल्या की चालणारा बाद. हा हवेतला क्षण उभ्या माणसाला सहसा दिसत नाही. म्हणून सर मातीच्या कडेला पालथे पडायचे, गाल जमिनीला लावायचे, आणि पोरांच्या बुटांखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचे. "बोटभर उजेड दिसला," म्हणून उठायचे, शर्टाची माती झटकायचे, आणि सगळी फेरी पुन्हा. चार वर्षं रोज पहाटे साडेपाचला हे चाललं. त्या चार वर्षांत सरांनी त्याच्या शरीरातून पळणं असं उपटून काढलं की मूळही शिल्लक राहिलं नाही. शिकवावं, पण माणसाला बस पकडण्यापुरतं तरी सोडावं की नाही?

टायरची दुकानं मागे पडली. कडेच्या पट्टीवर फरशा उखडलेल्या होत्या, तरी पावलं आपोआप टणक जागा शोधून पडत होती. टाच, तळवा, अंगठा. टाच, तळवा, अंगठा. बावीस वर्षं हे पाय जिने चढले, रांगांत उभे राहिले, दातांच्या प्रयोगशाळेत टेबलाखाली आठ-आठ तास लोंबकळले, आणि मेले एक अक्षर विसरले नव्हते. त्याला त्याचाच संताप आला. सकाळी हाच संताप त्याने बूट हातात धरून अनुभवला होता. दारातल्या मांडणीवर मुलीचे बूट आडवे पडले होते. हे घर आहे का धर्मशाळा, असं पुटपुटत त्याने ते उचलले, आणि तळवा वर आला. टाचेची बाहेरची कड तिरकी झिजलेली. पुढचा भाग जवळजवळ कोरा. हा बूट पळणाऱ्याचा नव्हता, शाळेत जाणाऱ्याचाही नव्हता. त्याच्या आईने असे त्याचे नऊ जोड फेकले होते. तो बूट धरून स्वयंपाकघरात गेला तेव्हा बायको आणि मुलगी दोघी एकदम गप्प झाल्या, आणि त्या गप्प होण्यावरूनच कळलं की ही कालपरवाची गोष्ट नव्हे.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"आठ महिने," मुलगी म्हणाली. तिने मान खाली घातली नाही, हे त्याला आणखी झोंबलं. "आईने सही दिली. सांगितलं असतं तर पाठवलं असतंत?"

"नाही."

"मग."

आज चाचणी, नऊ मुली, त्यातून दोन निवडायच्या, सर म्हणतात माझा नंबर लागेल. 'सर' हा शब्द तिने इतका सहज उच्चारला की त्याच्या हातातला बूट ओट्यावर आपटला आणि दुधाचं पातेलं हललं. त्या माणसाने मला काय केलं ठाऊक आहे का तुला, असं तो म्हणाला. पुढे आणखी पुष्कळ बोलला. आवाज शेजारी गेला असणार. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पातेलं पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही एक घास बावीस वर्षं गालात धरून बसला आहात. गिळा नाहीतर थुंका. पोरीच्या ताटात कशाला काढताय?" मुलगी बूट घालून दाराशी उभी होती. "बाबा, संध्याकाळी तिथे येऊ नका," ती म्हणाली. "तुमचा हा चेहरा दिसला की माझं बिघडतं." आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज एकसारखा होता, एकही जड नाही, एकही हलकं नाही. हेसुद्धा त्याला त्या रागात ऐकू आलं.

दिवसभर काम म्हणून झालं नाही. तो दात बनवतो. बनवलेला दात साच्यात बसवायचा, मध्ये निळा कागद धरून वरचा आणि खालचा जबडा मिटायचा. जिथे निळा ठिपका उमटेल तिथे दात उंच आहे, तेवढंच घासायचं, केसभर जास्त नाही. आज त्याने ठिपका सोडून भलतीच जागा घासली, एकदा नव्हे तर तीनदा. मालकिणीने तिसरा दात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "घरी जा बाबा तू. आज तुझ्या हातून माणसं उपाशी राहतील." ती चेष्टेत म्हणाली होती, पण त्याने हातमोजे काढले आणि खरंच निघाला.

धुलाईकेंद्राच्या दारातून वाफेचा भपकारा आला. आत इस्त्री करणाऱ्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. हसा. या शर्यतीत हसं करून घेणं हे मुख्य काम असतं, हात-पाय नंतर. कमर अशी हलते की रस्त्यावरचं शेंबडं पोरही नक्कल करतं. म्हणून सर त्यांना मुद्दाम भर बाजारातून, गर्दीच्या वेळेला चालवत. पहिल्या दिवशी याने एका टवाळाच्या अंगावर धावून जायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. सर मागून शांतपणे चालत आले. "तो हसला, ठीक आहे. तुझे खांदे का वर गेले?" सरांनी दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून ते खाली दाबले. "राग आला की खांदे वर जातात. खांदे गेले की हात वर जातात. हात वर गेले की पाय सुटतो. पाय पायाने सुटत नाही रे काटा, डोक्याने सुटतो." काटा हे सरांनी ठेवलेलं नाव, घड्याळाच्या काट्यासारखा एका लयीत चालतो म्हणून. रोज सराव संपल्यावर मग अर्धा तास तेच. डोळे मिटून रेषेवर एका पायावर उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी तोंडाला येईल ते बोलायचं. आईबापावरून, रंगावरून, नापास झालेल्या विषयांवरून. ज्याचा खांदा हलला त्याच्या दोन फेऱ्या. तो पुढे पुढे असा तयार झाला की कुणी काही बोललं तरी कान लाल होत, खांदे मात्र हलत नसत. मग त्या दिवशी काय झालं होतं?

त्या दिवसापाशी विचार आला की त्याची चाल वाढते, तशी ती आता वाढली. मोठी निवड चाचणी होती, वीस किलोमीटर. पहिले दोघे देशाबाहेर स्पर्धेला जाणार होते. बघणाऱ्यांपैकी एकजण आयत्या वेळी आला नाही, म्हणून सरांना टोपी घालून उभं केलं. लोक म्हणाले, तुमचाच पोरगा आहे, तुम्ही बघू नका. सर म्हणाले, मग कुणाला बघू? एकोणीस किलोमीटर झाले तरी तो दुसराच होता. पाठीमागून लंबू नावाचा एकजण चिकटला होता. दोन लाल पाट्या याला आधीच लागल्या होत्या, बघणाऱ्या दुसऱ्या दोघांच्या. शेवटच्या वळणावर त्याने पाहिलं तर कडेला पालथा पडलेला, टोपी घातलेला, सरांसारखा दिसणारा माणूस सरच होते. रेषा चारशे मीटरवर होती. आई कडेच्या गर्दीत पाण्याची बाटली घेऊन उभी होती. सर उठले, माती न झटकता पुढे आले, आणि तिसरी लाल पाटी त्याच्या तोंडासमोर धरली. लंबू शेजारून गेला. लंबू परदेशी गेला. हा छातीवरचा नंबर न काढता तसाच बसमध्ये बसला आणि घरी आला, आणि त्यानंतर, ते कुत्रं सोडलं तर, आजपर्यंत असा चालला नव्हता.

बावीस वर्षांत त्याने या एका पाटीचे दोनच अर्थ लावले. एक, सरांनी लंबूच्या सरांशी काही साटंलोटं केलं. हा अर्थ त्याने पहिल्या वर्षातच टाकून दिला, कारण साटंलोटं करणारा माणूस एकाच शर्टावर चार वर्षं मातीत लोळत नाही. दुसरा अर्थ मात्र त्याने जपला. सरांना जगाला दाखवायचं होतं की बघा, मी माझ्या पोरालाही सोडत नाही. आपल्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र त्यांनी माझ्या पायांवर लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी सर घरी आले होते. तो आतल्या खोलीत दार लावून बसला. आईने झोपलाय म्हणून सांगितलं. सर तासभर बाहेर बसले, पाणी प्यायले, आणि जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "त्याला सांगा, सोमवारी साडेपाच." बस्स, एवढंच. माफी नाही, समजूत नाही. आणि तो तरी काय, दाराआड बसून वाट बघत होता की सर आत येतील, आणि एकच प्रश्न विचारायचा होता, खरंच दिसलं का? तो प्रश्न त्याने कुणालाच विचारला नाही. आता तोच माणूस माझ्या पोरीला चालायला शिकवतो. उद्या तिच्याही तोंडासमोर पाटी धरेल आणि माती न झटकता बाजूला होईल.

मैदानाच्या फाटकाशी आला तेव्हा पाच बावीस झाले होते. शर्ट पाठीला चिकटला होता, उजव्या नडगीत जुनी ओळखीची कळ उठली होती. मातीच्या गोलावर मुली चालत होत्या. त्याची मुलगी दुसऱ्या नंबरावर होती. तिला एका क्षणात ओळखलं, चेहऱ्यावरून नव्हे, टाचेवरून. अशी टाच त्याने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती, स्वतःची तर माणसाला दिसत नाही. पलीकडच्या वळणावर शिकवणारी बाई उभी होती, मधल्या टप्प्यावर मैदानाचा म्हातारा माळी, ज्याला सरांनी तीस वर्षांत बघायला शिकवलं होतं. आणि या वळणावर, उलट्या घातलेल्या बादलीवर, गुडघ्यांवर पंजे ठेवून सर बसले होते. केवढे वाळले होते. त्याच्या मनात तयार असलेली वाक्यं ज्या माणसासाठी होती तो माणूस याच्या दुप्पट होता.

सरांनी मान वळवली नाही. "काटा ना तू? पाऊल ऐकलं मघाशीच. बरं झालं आलास. मला आता खाली पडता येत नाही. पडलो तर उठवायला माळी लागतो. तू पड."

"मी तिला न्यायला आलोय."

"ने की. अडीच फेऱ्या राहिल्यात, संपल्या की ने. तिला दोन पाट्या लागल्यात, बाईची एक, माळ्याची एक. तिसरी माझी. आणि मला बसून दिसत नाही."

"स्वतःच्या पोरीला मी बघू?"

"मग कुणाच्या पोरीला बघणार आहेस?" सर म्हणाले. "एकदा दिसलं तर बोलू नकोस, डोळा फसतो. दोनदा दिसलं तर सांग. मध्ये तोंड उघडायचं नाही. बघणाऱ्याने बोलायचं नाही."

तो कशासाठी पडला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नसतं. सरांना खोटं पाडायला पडला असेल, किंवा बावीस वर्षं ज्या जागेचा राग केला ती जागा एकदा अंगाखाली घेऊन बघायला. गालाला माती लागली. ती दुपारभर तापलेली होती. बूट येताना दिसले, आणि पहिल्या खेपेला त्याने पाहिलं की तिचा पाय सुरेख होता. मागची बोटं सुटायच्या आत पुढची टाच टेकत होती, रेघभर फटीला जागा नव्हती. काहीतरी छातीत भरून आलं आणि त्यामुळे त्याला आणखी राग आला. ती पुढे गेली आणि वळताना तिने सहज कडेला पाहिलं. बापाचे डोळे मातीच्या पातळीवरून तिच्याकडे बघत होते.

पुढल्या फेरीला त्याला आधी तिचे खांदे दिसले. ते कानांपाशी गेले होते. सकाळचं सगळं, ओट्यावर आपटलेला बूट, हललेलं पातेलं, त्याचा आवाज, सगळं त्या खांद्यांत येऊन बसलं होतं. मग हात छातीपर्यंत वर आले, आणि मग तिच्या बुटाखालून पलीकडच्या कुंपणाचा उजेड दिसला. बोटभर. त्याच्या तोंडात शब्द आला, खांदे. दोन अक्षरं. ओरडला असता तर तिने ऐकलं असतं, खांदे पडले असते, पाय बसला असता. बघणाऱ्याने बोलायचं नाही. शब्द दातांमागे तसाच राहिला, आणि तेव्हा त्याला वळण आठवलं, टोपी आठवली, आणि टोपीवाला माणूस दिसताच स्वतःच्या मानेत चढलेला तो गरम झटका आठवला. माझेच सर मला पकडायला बसलेत, हा राग. खांदे. सर तेव्हा असेच गाल टेकून पडले होते आणि त्यांच्याही तोंडात हाच शब्द असणार. चार वर्षांत हजार वेळा उच्चारलेला शब्द त्या दिवशी गिळून ते पडून राहिले होते. हे त्याला कळलं, आणि कळून बरं मुळीच वाटलं नाही. इतकी वर्षं कसोशीने सांभाळलेला राग कुणाच्या दारात नेऊन ओतावा ते कळेना झालं, एवढंच.

एकदा दिसलं, डोळा फसतो. फसलाच असेल. तू हिला थांबवायला आलास, तुला उजेड दिसणारच, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. नाही दिसलं म्हटलं तर कुणाला कळणार होतं? सरांना दिसत नाही, बाई लांब, माळी लांब. ती निवडली जाईल, घरी पेढे वाटणार नाही पण बायको हसेल, आणि पोरगी त्याला माफ करेल. दिसलं म्हटलं तर जन्मभर म्हणेल, बाबा आले ते यासाठीच आले. शेवटच्या फेरीला ती आली. तो पापणी न लववता बघत राहिला, मातीचा कण डोळ्यात गेला तरी. टाच, आणि टाच टेकायच्या आधी उजेड. पुन्हा. पुन्हा. आता बोटभर नव्हता, चांगला दोन बोटं होता. रेषा दोनशे मीटरवर होती.

"दिसलं?" वरून सरांनी विचारलं.

त्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात ती पंधरा पावलं पुढे गेली.

"दिसलं," तो म्हणाला.

सरांनी मांडीवरची लाल पाटी त्याच्या हातात दिली. ती त्यांनी नेली असती तर चाललं असतं, नियमाने त्यांचीच होती. पण त्यांना उठायला वेळ लागला असता. तो उठला आणि मुलीच्या मागे निघाला, आणि अर्थातच पळाला नाही. वळण आतून कापून चालत चालत गाठून त्याने पाटी तिच्या तोंडासमोर धरली. ती थांबली. तिसऱ्या नंबरावरची मुलगी शेजारून निघून गेली.

तिने नंबराची एक टाचणी काढली, बाकीच्या तशाच सोडून दिल्या. माळी लांबून बघत होता. ती फाटकाकडे जाईल, बसमध्ये बसेल, घरी जाऊन आतल्या खोलीचं दार लावेल, हे तो धरूनच चालला होता, कारण याहून वेगळं काही असतं हे त्याला माहीत नव्हतं. ती दोन पावलं फाटकाकडे गेलीही. मग मागे फिरली आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा श्वास त्याच्या मातकट गालाला लागला.

"बाबा, खरंच दिसलं?"

हा प्रश्न असा तोंडावर विचारता येतो, तीन पावलांत, हे त्याला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"दिसलं. आधी एक बोट, मग दोन. त्याच्या आधीच्या फेरीला काही नव्हतं. तू मला बघितलंस, मग सुटला."

"मी म्हटलं होतं येऊ नका."

"म्हटलं होतंस."

"मला तुमचा इतका राग येतोय ना." तिचा आवाज फाटला, डोळे भरले, पण ती जागची हलली नाही.

त्याने हातातली पाटी खाली ठेवली, दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर ठेवले आणि ते हळूच खाली दाबले.

"येऊ दे," तो म्हणाला. "खांदे खाली ठेव."